मित्रांचे अभिप्राय : 'नष्टनीड' आणि 'चारुलता' यांच्या निमित्ताने

नुकताच पाहिलेला चित्रपट आणि नुकतेच वाचून संपविलेले पुस्तक यांविषयी मित्रामित्रांत होणारे बोलणे ही वाङ्मयीन जीवनातील सर्वांत सामान्य, आणि बहुधा त्याचमुळे समीक्षेने सर्वांत कमी विचारात घेतलेली, गोष्ट होय. ग्रंथपरीक्षणाला आपण काही एक दर्जा देतो. प्रस्तावना, परिसंवाद, अध्यक्षीय भाषण यांनाही देतो. पण चहाच्या टेबलाशी "काय वाचतो आहेस सध्या?" या प्रश्नाने जे सुरू होते आणि घरी परतताना रस्त्याच्या वळणावर अर्धवट सुटते, त्याला आपण गप्पा म्हणतो आणि विसरून जातो. वस्तुतः बहुसंख्य वाचकांची अभिरुची घडते ती याच ठिकाणी. परीक्षण वाचून पुस्तक हाती घेणाऱ्यांपेक्षा मित्राने सांगितले म्हणून ते हाती घेणारे अधिक असावेत, असे आपापल्या अनुभवावरून कोणीही म्हणू शकेल. तेव्हा या अभिप्रायांचे मोल कशात आहे आणि त्यांची मर्यादा कोणती, हा प्रश्न समीक्षेने टाळण्यासारखा नाही. एक कथा आणि तिच्यावरून निघालेला एक चित्रपट यांच्या आधाराने या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बंगालीत अशा बोलण्याला 'अड्डा' हे नाव आहे, आणि त्याची प्रतिष्ठा एवढी की बुद्धदेव बसूंसारख्या कवि-समीक्षकाने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मराठीत 'अड्डा' म्हटले की जुगाऱ्यांची आठवण व्हावी आणि बंगालीत सुहृदांच्या बैठकीची, हा दोन भाषांच्या स्वभावांतील एक गमतीचा भेद आहे. पण शब्द वेगळा म्हणून वस्तू वेगळी नाही. कलकत्त्यात सुकुमार राय यांच्या मित्रमंडळींचा 'मंडे क्लब' भरे. त्यात खाण्याला वाङ्मयाइतकेच महत्त्व असल्याने त्याचे नाव विनोदाने 'मंडा क्लब', म्हणजे मिठाईचा क्लब, असे होऊन बसले होते. पुण्यात 1923 साली रविकिरण मंडळ स्थापन झाले त्याचेही मूळ रविवारच्या चहात होते. माधव जूलियन, यशवंत, गिरीश आदी कवी तेथे आपल्या कविता प्रथम मित्रांना वाचून दाखवीत आणि मग छापीत. मराठी कवितेच्या इतिहासात या मंडळाला जे स्थान आहे, त्याचा काही वाटा त्या चहालाही द्यावा लागेल.

सुकुमार रायांचे चिरंजीव सत्यजित राय यांनी चिदानंद दासगुप्त आदी मित्रांसह 1947 साली कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. पित्याच्या बैठकीतील वाङ्मयाची जागा पुत्राच्या बैठकीत चित्रपटाने घेतली, असे म्हणता येईल. त्या काळातील रायांचा एक छंद प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. एखाद्या प्रसिद्ध कादंबरीवर चित्रपट निघणार अशी जाहिरात झाली, की ते त्या कादंबरीची पटकथा स्वतःच लिहून काढीत आणि चित्रपट प्रदर्शित झाल्यावर दोन्ही ताडून पाहत. चित्रपटाविषयीचा अभिप्राय बनविण्यासाठी याहून अधिक श्रम कोणी घेतले असतील असे वाटत नाही. "पुस्तक चांगले की चित्रपट?" हा प्रश्न आपण सारेच मित्रांना विचारतो. 'श्यामची आई' हे पुस्तक 1935 साली आणि अत्र्यांचा चित्रपट 1953 साली आल्यापासून मराठी घरांतून तो किती वेळा विचारला गेला असेल याची गणतीच नाही. पण त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी पुस्तकातील प्रत्येक प्रसंग पडद्यावर कसा मांडता येईल हे स्वतः करून पाहण्याची शिस्त आपणांपैकी कोणी पाळीत नाही. ती पाळली, की "चांगले कोणते?" हा प्रश्न मागे पडतो आणि "येथे काय बदलले, आणि बदलल्याने काय झाले?" हा त्याची जागा घेतो. समीक्षेला उपयोगी पडणारा प्रश्न हा दुसरा आहे.

रायांनी 1964 साली 'चारुलता' हा चित्रपट केला तो रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'नष्टनीड' या दीर्घकथेवरून. ही कथा 1901 साली 'भारती' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. कथानक सर्वपरिचित आहे. भूपती हा धनवान गृहस्थ इंग्रजी वृत्तपत्र चालविण्यात गढून गेलेला, त्याची तरुण पत्नी चारुलता रिकाम्या घरात एकटी, आणि घरात राहणारा भूपतीचा आतेभाऊ अमल हा कॉलेजात शिकणारा, लेखनाची हौस असणारा तरुण. चारू आणि अमल यांच्यात जे निर्माण होते आणि अमल निघून गेल्यावर जे उद्ध्वस्त होते, त्याची ही कथा. तिचा विचार बहुधा विवाहबाह्य प्रेमाची कथा म्हणून झाला आहे, आणि तो यथार्थच आहे. परंतु थोडे निरखून पाहिले तर ही दोन वाचकांची, एकमेकांना अभिप्राय देणाऱ्या दोन मित्रांचीही कथा आहे असे दिसून येते.

चारू अमलला धरून आपले शिक्षण करून घेते आणि त्याबद्दल त्याचे लहानमोठे हट्ट पुरविते. घरामागच्या ओसाड जागेची बाग करावयाची म्हणून हे दोघे मिळून एक समिती बनवितात. समितीचे सभासद दोनच, आणि योजनांना अंत नाही. बाग होत नाही. तिच्या जागी लेखन येते. अमल लिहितो, चारूला वाचून दाखवितो, आणि ते तिसऱ्या कोणाला दाखवावयाचे नाही असे चारूला मनोमन वाटत असते. पण अमलचे लेखन मासिकात छापून येते, आणि त्या दिवसापासून ते केवळ तिचे राहत नाही. बाहेरचे वाचक त्याचे कौतुक करू लागतात, घरातली मंदाही त्याची श्रोती होते, आणि चारूला प्रथमच मत्सराची ओळख होते.

यापुढे रवींद्रनाथांनी जे केले आहे ते समीक्षेच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. चारू स्वतः लिहू लागते. तिचा पहिला प्रयत्न अमलच्या लेखनाचीच प्रतिकृती ठरतो. अमलने आषाढातील चंद्रावर लिहिले तर हिने श्रावणातील मेघावर. हे ध्यानात येताच ती ते टाकून देते आणि आपल्या माहेरच्या गावातील कालीमंदिराविषयी लिहू लागते. या लेखाचा आरंभ अद्याप अमलच्या अलंकृत शैलीत आहे, पण पुढे गावाच्या आठवणी येतात आणि त्यांबरोबर तिची स्वतःची साधी भाषा येते. हा लेख अमल वाचतो, आणि त्याचा अभिप्राय असा, की आरंभ चांगला साधला आहे, पण काव्य शेवटपर्यंत टिकले नाही. म्हणजे जेथे चारू अमलसारखी लिहिते तेथे ती त्याला आवडते, आणि जेथे ती चारू होते तेथे तो निराश होतो. पुढे एका मासिकात दोघांच्या लेखनाची समीक्षा येते. तीत चारूच्या अकृत्रिम भाषेची स्तुती असते आणि अमलच्या शैलीतील कृत्रिमतेवर प्रहार असतो. समीक्षक अनोळखी आहे. त्याला या दोघांच्या बागेविषयी, समितीविषयी काही ठाऊक नाही. पण त्याचा निर्णय बरोबर आहे, आणि मित्राचा चुकीचा होता.

रवींद्रनाथ येथेच थांबत नाहीत. त्या बरोबर निर्णयाने काय साधते? दोघांत गैरसमजाची भिंत उभी राहते. एकीची स्तुती दुसऱ्याच्या निंदेच्या मोबदल्यात झाल्यामुळे ती स्तुती चारूला सुखाने घेता येत नाही, आणि अमल तर तिच्या आनंदाचा विपरीत अर्थ करून घेतो. चुकीच्या अभिप्रायाने त्यांना जवळ ठेवले होते आणि बरोबर अभिप्रायाने दूर नेले. मित्राचे मत आणि परीक्षकाचे मत यांतील ताण इतक्या थोडक्यात आणि इतक्या निःपक्षपातीपणे मांडणारे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही.

या कथेचा चित्रपट करताना रायांनी बरेच बदलले. चित्रपटात चारू स्वतः वही तयार करून अमलला देते आणि त्या वहीतले छापावयाचे नाही असे वचन घेते. कथेत मनात असलेली अट येथे उघड शब्दांत येते. अमल गेल्यानंतरचा कथेतील दीर्घ भाग, विशेषतः चारूने दागिने गहाण टाकून भूपतीच्या नकळत अमलला तार करणे आणि तिचे उत्तर भूपतीच्या हाती पडणे, हा सारा चित्रपटातून गेला. त्याच्या जागी अमलचे पत्र आणि चारूचा अनावर शोक आला. अशोक रुद्र यांनी 'परिचय' या बंगाली नियतकालिकात या बदलांवर कठोर आक्षेप घेतले, आणि रायांनी त्याच नियतकालिकात प्रसंगाप्रसंगाने सविस्तर उत्तर दिले. रुद्र हे व्यवसायाने अर्थशास्त्रज्ञ होते, चित्रपटसमीक्षक नव्हते. मूळ कथा मनापासून वाचलेला आणि चित्रपट पाहून अस्वस्थ झालेला एक वाचक या नात्याने त्यांनी लिहिले होते. पुढच्याच वर्षी, 1965 साली, बर्लिनच्या महोत्सवात दिग्दर्शनाचे रौप्यपदक मिळविणाऱ्या चित्रपटाच्या कर्त्याने अशा आक्षेपाला उत्तर देण्याचे श्रम घेतले, हे आज विशेष वाटते. मित्रांच्या बैठकीत जे घडावयाचे, म्हणजे "तू असे का केलेस?" असे कोणी तरी विचारणे आणि दुसऱ्याने न चिडता सांगणे, ते येथे छापील पानावर घडले. वादात कोण जिंकले हे ठरविण्याचे कारण नाही. त्या वादामुळे पटकथा ही काय वस्तू आहे हे बंगाली वाचकांना कळले, हा लाभ पुरेसा आहे.

आता एक स्वानुभव नोंदवितो. तो सांगण्याजोगा वाटतो तो त्यात माझी चूक आहे म्हणूनच. काही वर्षांपूर्वी मी 'नष्टनीड'चा मराठी अनुवाद करण्यास घेतला होता. माझा एक जुना मित्र बँकेत नोकरीस आहे. तो चौफेर वाचणारा आहे, परंतु बंगाली जाणत नाही. कॉलेजात असताना, दूरदर्शनवर रविवारी दुपारी निरनिराळ्या भाषांतील चित्रपट दाखवीत त्या काळात, आम्ही दोघांनी 'चारुलता' एकाच खोलीत बसून पाहिला होता. त्यानंतर तीसएक वर्षे हा चित्रपट आमच्या बोलण्यात अधूनमधून येत राहिला. अनुवादाचे शेवटचे प्रकरण मी त्याला वाचावयास दिले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शेवट फार सुरेख उतरलाय रे. अगदी सिनेमातल्यासारखा."

या स्तुतीने मला क्षणभर आनंद झाला आणि लगेच शंका आली. मूळ कथेचा शेवट चित्रपटासारखा नाही, मग माझा अनुवाद तसा कसा झाला? मी मूळ काढून ताडून पाहिले. चूक एका वाक्यात होती. कथेत भूपती म्हैसूरला जावयास निघतो तेव्हा चारू धावत येऊन त्याचा हात घट्ट धरते आणि मला बरोबर ने म्हणून विनविते. तो थबकून तिच्या तोंडाकडे पाहत राहतो, आणि तिची मूठ सैल होऊन तिचा हात त्याच्या हातातून सुटतो. चित्रपटात भूपती घराच्या दाराशी परत येतो, चारू त्याला आत ये म्हणून हात पुढे करते, त्याचाही हात पुढे येतो, आणि दोन्ही हात भेटण्यापूर्वीच चित्र स्थिर होते. माझ्या अनुवादात मी लिहिले होते की भूपतीकडे गेलेला तिचा हात वाटेतच थांबला. माझ्यापुढे रवींद्रनाथांचे पुस्तक उघडे होते, आणि अनुवाद मी रायांचा केला होता.

ही चूक संपादकाच्या ध्यानात आली असतीच असे नाही, कारण वाक्य मराठी म्हणून निर्दोष होते. समीक्षकाच्याही आली नसती. ती उघड झाली ती मित्राच्या आवडीमुळे. गंमत अशी, की त्याने दोष दाखविला नव्हता, दाद दिली होती. अमलला चारूचा लेख जेथे आपल्या लेखनासारखा वाटला तेथे आवडला. माझ्या मित्राला माझे वाक्य जेथे त्याच्या आवडत्या चित्रपटासारखे वाटले तेथे आवडले. आणि माझ्या लेखणीतून ते उतरले तेही याच कारणाने. पूर्वी जे आवडले त्याच्याशी असलेले साम्य आपण तिघेही गुणाच्या नावाने ओळखत होतो. मित्रांच्या अभिप्रायाचा स्थायी दोष असेल तर तो हाच होय.

मग अमलचा अभिप्राय आणि माझ्या मित्राचा अभिप्राय यांत फरक तो काय? फरक पुढच्या बोलण्यात आहे. अमलला कोणी विचारले नाही की काव्य टिकले नाही म्हणजे नेमके कोठे, आणि ते टिकावयासच हवे होते का. चारूने तो अभिप्राय मनात ठेवला, आणि खुलाशाची वेळ येण्यापूर्वी मासिक हाती आले. माझ्या मित्राला मात्र मी दोन्ही शेवट समोर ठेवून विचारले. त्याने अनुवादातले दुरुस्त वाक्य वाचले आणि म्हटले की हे अधिक कोरडे आहे, सिनेमात निदान क्षमेची शक्यता उरते. माझे म्हणणे असे पडले की चित्र जेथे स्थिर झाले तेथे शक्यताही स्थिर झाली आहे, आणि त्याच चौकटीवर रायांनी 'नष्टनीड' ही अक्षरे आणली आहेत ती उगाच नव्हेत. यावर आमचे एकमत झाले नाही, अद्याप नाही. परंतु या बोलण्यातून एक गोष्ट आम्हा दोघांनाही प्रथमच दिसली. कथेत चारूला घराबाहेर पडावयाचे आहे, आणि चित्रपटात तिला भूपतीला घरात घ्यावयाचे आहे. कथेत धरलेला हात सुटतो, चित्रपटात न धरलेला हात धरला जाण्याच्या बेतात असतो. हालचालींची दिशाच उलटी आहे. आणि कथेत अखेरीस भूपती चल म्हणतो तेव्हा नकार देते ती चारूच. हा नकार चित्रपटात नाही. त्या लहानशा नकारासाठी मराठीत 'नको' म्हणावे, 'राहू दे' म्हणावे, की 'असू दे' म्हणावे, यावर आम्ही एक संपूर्ण संध्याकाळ घालविली. 'नको'त हट्ट येतो, 'असू दे'त समजूत काढल्यासारखे वाटते. 'राहू दे'त मागितलेली वस्तू आता नकोशी झाली आहे एवढेच येते, आणि तेच हवे होते. हा शब्द मला बंगाली न जाणणाऱ्या त्या मित्राने सुचविला.

येथे मित्रांच्या अभिप्रायाची भलावण करून छापील समीक्षेला कमी लेखावयाचे नाही. 'नष्टनीड'मधील अनोळखी परीक्षक बरोबर होता हे विसरून चालणार नाही. मित्रमंडळी एकमेकांना सांभाळून घेतात, एकमेकांच्या सवयींना शैली म्हणू लागतात, आणि कालांतराने मंडळाच्या आवडीलाच अभिरुची समजतात. अशा वेळी बाहेरच्या माणसाची गरज असते. रविकिरण मंडळाच्या काळात ते काम अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'नी हसतहसत केले, आणि ते कवितेच्या हिताचेच झाले. परक्या वाचकापुढे मत मांडताना कारणे द्यावी लागतात, कारण तेथे आपला स्वर, आपला चेहरा, आपली तीस वर्षांची ओळख मदतीला नसते. मित्राला नुसते "बघ, आवडेल तुला" एवढे पुरते. ते पुरते हेच त्याचे सामर्थ्य, आणि तेथेच थांबण्याचा मोह हाच त्याचा धोका.

परंतु छापील समीक्षेने या बोलण्यापासून एक गोष्ट शिकावी असे मात्र वाटते. मित्राला उलट विचारता येते. त्याला पुन्हा पुस्तक उघडावयास, पुन्हा चित्रपट पाहावयास भाग पाडता येते, आणि त्याने मत बदलले तर त्याची मानहानी होत नाही. समीक्षा लिहिणारा निर्णय देऊन उठून जातो. वाचकाने त्याला गाठून "हे तुम्ही कशावरून म्हणता? पूर्वी आवडलेल्या कशासारखे हे आहे म्हणून तर नव्हे?" असे विचारावे, अशी सोय आपल्या नियतकालिकांतून क्वचितच असते. 'परिचय'च्या पानांवर 1964 साली ती होती, आणि म्हणून तो वाद आजही वाचावासा वाटतो. समीक्षकाने लिहितानाच हा प्रश्न स्वतःस विचारून घेतला, तर ती सोय काही अंशी आपोआपच होईल.

माझा मित्र अलीकडे 'नष्टनीड' संपूर्ण वाचून परत घेऊन आला. भूपतीविषयीचे आपले मत बदलले आहे, असे त्याने सांगितले. चित्रपटातला भूपती त्याला भोळा वाटत असे. कथेतला भूपती शेवटी सारे समजलेला आहे आणि तरीही बरोबर चल म्हणणारा आहे, हे त्याला अधिक कठीण वाटले. चित्रपट पुन्हा पाहावयाचा आमचा बेत ठरला आहे. या खेपेस माझे मत बदलण्याची पाळी येते की काय, हे पाहावयाचे आहे.